बीकरमधला आकडा, तलावातला ताळा

इमिडाक्लोप्रिड हे आपल्याकडे कापसाच्या बियाण्याला लावले जाणारे, मावा-तुडतुड्यांवर फवारले जाणारे कीटकनाशक. डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा कवचधारी जिवावर प्रयोगशाळेत त्याची चाचणी घेतली, तर ४८ तासांत निम्मे जीव निपचित पडायला लिटरमागे सुमारे ८५,००० मायक्रोग्रॅम औषध लागते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच औषध मेफ्लाय गटातल्या क्लोइऑन या कीटकाच्या अळ्यांवर तपासले. ९६ तासांत निम्म्या अळ्या निपचित पडायला जेमतेम १ मायक्रोग्रॅम पुरले. चाचणी २८ दिवस चालू ठेवली, तेव्हा ०.०३३ मायक्रोग्रॅमलाच दहा टक्के अळ्या गारद झाल्या. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात २५ लाख पटींहून जास्त अंतर आहे. औषध तेच, पाणीही गोडेच.

आता दुसरी जोडी पाहा. गर्भनिरोधक गोळ्यांत वापरले जाणारे इथिनाइल इस्ट्रॅडिओल हे कृत्रिम संप्रेरक सांडपाण्यातून नदीत जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात फॅटहेड मिनो हे छोटे मासे अंड्यापासून पुढच्या पिढीपर्यंत या संप्रेरकात वाढवले होते. लिटरमागे १ नॅनोग्रॅमपर्यंत त्यांना अपाय दिसला नाही; ४ नॅनोग्रॅमला नर मासे नरांसारखे वाढलेच नाहीत. त्याच वर्षी कॅनडातल्या एका अख्ख्या तलावात ५ ते ६ नॅनोग्रॅम पातळी राहील एवढे संप्रेरक सोडायला सुरुवात झाली. काही वर्षांतच त्या तलावातले हे मासे नामशेष व्हायच्या बेताला आले. इथे प्रयोगशाळेचा अंदाज अचूक ठरला.

म्हणून ‘प्रयोगशाळेतल्या विषाक्तता चाचण्यांवरून निसर्गातल्या पाण्याचे भाकीत करता येते का’ या प्रश्नाचे हो किंवा नाही असे एका शब्दातले उत्तर देता येत नाही. कोणत्या जिवावर, किती दिवस, कोणत्या वाटेने आणि कोणत्या पाण्यात तपासले, या चार गोष्टी जुळल्या की बीकरमधला आकडा आश्चर्य वाटावे इतका खरा ठरतो. त्यातली एक जरी हुकली, तरी तोच आकडा हजारो पटींनीही चुकू शकतो. आणि कायद्याच्या कागदावर नेमका आकडाच उरतो. चार अटी गळून पडतात.

आकडा तयार कसा होतो

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जगभर मान्य असलेल्या मार्गदर्शक चाचण्यांपैकी २०२ क्रमांकाची चाचणी डॅफ्नियाची आहे. जन्मून २४ तासही न झालेली पिल्ले घ्यायची. प्रत्येक तीव्रतेच्या द्रावणात किमान २० पिल्ले, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत. प्रत्येकाच्या वाट्याला किमान २ मिलिलिटर पाणी, तापमान १८ ते २२ अंश. ४८ तास खायला काही द्यायचे नाही. मुदत संपली की भांडे हलकेच हलवायचे आणि १५ सेकंद थांबायचे. तेवढ्यात जे पोहू लागले नाही ते ‘अचल’, मग त्याच्या मिशा हलत असल्या तरी. निम्मे जीव अचल करणारी तीव्रता म्हणजे या चाचणीचा निकाल.

माशांची चाचणी ९६ तासांची असते आणि तिथे मेलेले मासे मोजतात. शेवाळाची चाचणी ७२ तासांची. त्यात औषध नसलेल्या भांड्यातले शेवाळ किमान १६ पट वाढले पाहिजे, नाहीतर चाचणीच बाद. शेवाळ, डॅफ्निया आणि मासा या तिघांवर बहुतेक रसायनांची प्राथमिक परीक्षा उरकते.

‘निम्मे’ हाच निकष का? विषाची मात्रा वाढवत गेले की मृत्यूंचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा चढतो आणि त्याचा मध्यबिंदू सगळ्यांत खात्रीने सांगता येतो. एक टक्का जीव कुठल्या मात्रेला मरतील हे वीस पिल्लांवरून सांगणे अशक्य. निम्मे कुठे मरतील हे सांगता येते. म्हणजे ही निवड संख्याशास्त्राच्या सोयीची आहे. कोणत्याही नदीला निम्मे जीव गमावणे परवडत नाही.

या चाचण्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्या स्वस्त आहेत, झटपट होतात, आणि एका देशातला निकाल दुसऱ्या देशात पुन्हा काढून पाहता येतो. दोन रसायनांपैकी जहाल कोणते, एवढे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते. गडबड होते ती या क्रमवारीलाच ‘सुरक्षित मर्यादा’ समजले की.

भागाकारातली सुरक्षा

नियामकांना हे ठाऊक असते, म्हणून ते निकालाला थेट मर्यादा मानत नाहीत. त्याला एका आकड्याने भागतात. युरोपात औद्योगिक रसायनांसाठी फक्त तीन अल्पमुदतीच्या चाचण्या हाती असतील तर सर्वांत कमी निकालाला १००० ने भागायचे. एक दीर्घ मुदतीची चाचणी असेल तर १०० ने, दोन असतील तर ५० ने, तिन्ही गटांतल्या असतील तर १० ने. माहिती जितकी तुटपुंजी तितका भाजक मोठा. यातला कोणताही भाजक नदीत मोजून आलेला नाही. अज्ञानाची भरपाई म्हणून धरलेले हे गोल आकडे आहेत.

ते पुरतात का? इमिडाक्लोप्रिडवर गणित करून पाहू. डॅफ्नियाच्या ८५,००० ला सर्वांत कडक म्हणजे १००० ने भागले तरी ८५ मायक्रोग्रॅम उरतात. ही ‘सुरक्षित’ पातळी निम्म्या मेफ्लाय अळ्यांना चार दिवसांत गारद करणाऱ्या पातळीच्या ८५ पट आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये सगळ्या जातींची माहिती एकत्र करून दीर्घ मुदतीसाठी जी मर्यादा सुचवली, ती ०.००९ मायक्रोग्रॅम होती. ८५ आणि ०.००९ यांत नऊ हजार पटींहून अधिक फरक आहे. युरोपात कीटकनाशकांसाठी डॅफ्नियाच्या जोडीला आणखी एका संधिपाद जिवाची चाचणी मागतात, ती याचसाठी. कीटक मारायला बनवलेले औषध कीटक नसलेल्या जिवावर तपासले, तर भाजक कितीही मोठा धरला तरी मूळ आकड्याची चूक भरून निघत नाही.

जपानमधल्या शिंजी सरोवराभोवती भातशेती आहे आणि तिथे १९९३ पासून इमिडाक्लोप्रिडच्या गटातली कीटकनाशके वापरात आली. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार त्यानंतर वसंत ऋतूतल्या प्राणिप्लवकांचे वजन सरासरी ८३ टक्क्यांनी घटले आणि वाकासागी या माशाची वार्षिक पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. हा दोन घटनांच्या काळातला मेळ आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे. मासे औषधाने मेले नाहीत, अन्न संपल्याने घटले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. माशांवरची ९६ तासांची चाचणी कितीही काटेकोर घेतली असती, तरी तिला हे दिसले नसते.

जिथे ताळा जुळला

कॅनडात ओंटारिओच्या वायव्य भागात १९६८ पासून ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’ आहे. ५८ लहान तलाव केवळ संशोधनासाठी राखून ठेवलेले. भांड्याऐवजी अख्ख्या तलावावर प्रयोग करायचा, असा तिथला शिरस्ता. संप्रेरकाचा प्रयोग झाला तो लेक २६० हा तलाव साधारण ३४ हेक्टरचा. कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यात इथिनाइल इस्ट्रॅडिओल सोडले. ५ नॅनोग्रॅम म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात ५ ग्रॅम.

पहिल्याच हंगामात नर मिनोंच्या शरीरात व्हायटेलोजेनिन हे प्रथिन बेसुमार वाढले. हे प्रथिन अंड्यातल्या बलकासाठी माद्या बनवतात. नरांत त्याचे काही काम नसते. मग काही नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या. त्यानंतर तलावात त्या वर्षी जन्मलेली पिल्लेच सापडेनात. मिनो जेमतेम काही वर्षे जगतो, त्यामुळे एक-दोन वर्षांची वीण बुडाली तरी सगळी संख्या ढासळते. संप्रेरक सोडणे थांबल्यावर काही वर्षांनी हे मासे पुन्हा सावरले.

दीर्घ मुदतीच्या चाचणीने सांगितलेला १ आणि ४ नॅनोग्रॅममधला उंबरठा इथे बिनचूक निघाला, कारण जात तीच होती, कालावधी पूर्ण आयुष्याचा होता, विष पाण्यातूनच येत होते आणि मृत्यूऐवजी प्रजनन मोजले होते. पण त्या चाचणीच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट तलावाने दाखवली. मिनोंवर जगणाऱ्या लेक ट्राउट या मोठ्या माशाचे एकूण वजन २३ ते ४२ टक्क्यांनी घटले. त्याचे भक्ष्य नाहीसे झाले होते.

जुळलेल्या ताळ्याचे दुसरे उदाहरण क्लोरपायरिफॉस या आपल्याकडेही परिचित कीटकनाशकाचे. नेदरलँड्समध्ये ४० मीटर लांबीचे १२ प्रायोगिक चर खोदून, त्यांत वनस्पती, किडे, गोगलगायी असे सगळे स्थिरावू देऊन एकदाच औषध मारले. लिटरमागे ०.१, ०.९, ६ आणि ४४ मायक्रोग्रॅम अशा चार पातळ्या होत्या. ०.१ ला समुदायात लक्षणीय फरक पडला नाही, ०.९ पासून कवचधारी आणि कीटक घटू लागले. प्रयोगशाळेत संवेदनशील कवचधाऱ्यांचे निकालही साधारण ०.१ ते १ मायक्रोग्रॅमच्या टप्प्यातच येतात. चरातल्या जिवांना सावरायला मात्र २४ आठवड्यांपर्यंत वेळ लागला, आणि तोही एकाच मात्रेनंतर. शेतात हंगामाला एकच फवारणी होते असे कोण म्हणेल?

विष कोणत्या वाटेने आले

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज लेक या जलाशयात १९७४ पासून कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या राखेचे पाणी जात होते. त्यातले सेलेनियम जलाशयात पसरून लिटरमागे सुमारे १० मायक्रोग्रॅमवर आले. पाण्यात विरघळलेल्या सेलेनियमने मासे झटपट मारायचे तर मिलिग्रॅममध्ये मात्रा लागते, म्हणजे याच्या शेकडो पट. त्या हिशेबाने जलाशय निर्धोक होता.

पण सेलेनियम माशांत गेले ते पाण्यातून नव्हे, मुख्यतः अन्नातून. शेवाळाने ते शोषले, शेवाळ किड्यांनी खाल्ले, किडे माशांनी. पायरीगणिक ते साठत गेले आणि माद्यांनी ते अंड्यांत उतरवले. प्रौढ मासे धडधाकट पोहत राहिले. पिल्ले मात्र वाकड्या कण्याची, विद्रूप निपजली किंवा मेली. जलाशयातल्या २० जातींपैकी १६ पूर्ण नाहीशा झाल्या. दोन जाती वांझ, म्हाताऱ्या माशांच्या रूपाने तग धरून राहिल्या, एक नाहीशी होऊन थोडीफार परतली, आणि एकीवर परिणाम झाला नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ मध्ये सेलेनियमची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठरवली, ती या जलाशयाच्या अनुभवावरून. २०१६ मध्ये ती आणखी पुढे गेली. मुख्य निकष आता पाण्यात नाही, माशाच्या अंड्यांत मोजतात: सुक्या वजनाच्या किलोमागे १५.१ मिलिग्रॅम. तळ्यातल्या पाण्यासाठी १.५ आणि वाहत्या पाण्यासाठी ३.१ मायक्रोग्रॅम हे आकडे त्यावरून काढलेले. नियमावलीने निसर्गाकडून धडा घेतल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड.

भुकेने मेलेल्यांची नोंद

कॅनडातल्या त्याच एक्सपेरिमेंटल लेक्स एरियातल्या लेक २२३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७६ पासून सल्फ्युरिक आम्ल थोडे थोडे मिसळत आठ वर्षांत पीएच ६.८ वरून ५.० वर नेला. लेक ट्राउटचे प्रौढ मासे ५ च्या आसपासही तग धरू शकतात. पण त्यांचे अन्न असलेला मायसिस हा झिंग्यासारखा जीव आणि फॅटहेड मिनो हे ५.८ च्या सुमारासच तलावातून नाहीसे झाले. आम्लाने न मेलेले ट्राउट पुढे हडकले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली दुसरी नोंद तितकीच महत्त्वाची आहे: तलावाचे एकूण प्राथमिक उत्पादन, कुजण्याचा वेग आणि पोषकद्रव्ये घटली नाहीत. म्हणजे तलावाचे ‘कामकाज’ मोजणाऱ्याला सगळे आलबेल दिसले असते आणि जाती मोजणाऱ्याला आक्रीत.

बीकरमध्ये शिकार नसते, तसा शिकारीही नसतो. अमेरिकेत रिक रेल्या यांनी बेडकांच्या सहा जातींच्या पिल्लांवर कार्बारिल हे कीटकनाशक तपासताना काही टाक्यांत पिंजऱ्यात बंद केलेला भक्षक ठेवला. तो पिल्लांना धरू शकत नव्हता; फक्त त्याचा वास पाण्यात होता. सहापैकी दोन जातींत तेवढ्यानेही औषध जास्त घातक ठरले, एकीत ८ पट आणि दुसरीत ४६ पट. कोणत्या ओढ्यात भक्षक नसतो?

माशाची जात चुकली तर

सिएटल परिसरातल्या शहरी ओढ्यांत समुद्रातून परतणारे कोहो सामन पहिल्या मोठ्या पावसानंतर अंडी घालण्याआधीच मरत. काही ओढ्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाई. कारण सापडायला दोन दशके लागली. टायर टिकावेत म्हणून रबरात घालतात ते ६पीपीडी हे रसायन ओझोनशी संयोग पावून ६पीपीडी-क्विनोन बनते आणि रस्त्यावरच्या टायरच्या भुकटीतून ओढ्यात उतरते. निम्मे कोहो मारणारी पातळी आधी लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅम निघाली. शुद्ध प्रमाणनमुना मिळाल्यावर २०२२ मध्ये ती ०.०९५ वर आली.

चम सामन त्याच पाण्यात जगतो. डॅफ्निया आणि झेब्राफिश यांच्यावर तर हे रसायन पाण्यात विरघळेल तेवढे घालूनही अल्पमुदतीत परिणाम दिसला नाही. म्हणजे ते नेहमीच्या चाचण्यांच्या रांगेत उभे केले असते तर ‘निरुपद्रवी’ ठरून बाहेर पडले असते. इथे उलटा प्रवास झाला: ओढ्याने मेलेले मासे दाखवले आणि प्रयोगशाळेने गुन्हेगार शोधला. खटला चालला तो ओढ्यामुळेच.

प्रयोगशाळा जास्त घाबरते तेव्हा

चूक नेहमी एकाच दिशेला होते असे नाही. तांब्याचे पाहा. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात तांबे मोकळे असते आणि थेट माशाच्या कल्ल्यांवर बसते. ओढ्यातल्या पाण्यात कुजलेल्या पाल्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ त्याला बांधून ठेवतात, कॅल्शियम त्याची जागा अडवते. तेवढेच तांबे मग कितीतरी सौम्य ठरते. म्हणून अमेरिकेने २००७ मध्ये गोड्या पाण्यातल्या तांब्यासाठी एकच आकडा ठेवण्याऐवजी पाण्याचे दहा गुणधर्म घालून मर्यादा काढण्याची पद्धत स्वीकारली. गाळाला चटकन चिकटणाऱ्या कीटकनाशकांचेही असेच: तळाशी गाळ नसलेल्या भांड्यात ती जितकी जहाल भासतात, तितकी गढूळ पाण्यात भासत नाहीत. गाळात राहणाऱ्या अळ्यांचे काय होते हा प्रश्न मात्र उरतोच.

ओहायोतल्या शेलर रन या ओढ्यात १९७०च्या दशकात ३३ महिने तांबे सोडून लिटरमागे १२० मायक्रोग्रॅमच्या आसपास पातळी ठेवली होती. प्रयोगशाळेवरून भाकीत करता येते का, हेच तपासायचे होते. मृत्यू आणि वीण यांबाबतचे भाकीत बऱ्यापैकी खरे ठरले. पण मासे फक्त मेले नाहीत, त्यांनी तो पट्टाच टाळला. बीकरमधल्या माशाला निघून जायला जागा नसते, त्यामुळे पळ काढण्याची नोंद नेहमीच्या चाचण्यांत येत नाही. ओढ्याच्या दृष्टीने मासा मेला काय आणि गेला काय, तिथली जागा रिकामीच.

खोऱ्याचा हिशेब

एकेक प्रकरण सोडून मोठा पट्टा पाहिला तर काय दिसते? २०१३ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या ओढ्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. कीटकनाशकांनी जास्त दूषित ओढ्यांत अपृष्ठवंशी जिवांच्या प्रकारांत ४२ टक्क्यांपर्यंत घट होती. युरोपातला परिणाम तर कायद्याने सुरक्षित मानलेल्या पातळीलाही दिसत होता. जर्मनीने २०१८ आणि २०१९ मध्ये शंभराहून अधिक लहान ओढ्यांची पाहणी केली आणि पाऊस पडून शेतातले पाणी ओढ्यात उतरते त्या वेळी नमुने घेतले. शेतीलगतच्या ८१ टक्के ओढ्यांत मान्य मर्यादा ओलांडलेल्या सापडल्या.

या दोन अभ्यासांतून दोन वेगळे दोष समोर येतात. एक, मर्यादाच सैल आहे. दोन, मर्यादा पाळलीही जात नाही, आणि महिन्यातून एकदा ठरल्या तारखेला नमुना घेणाऱ्याला ते कळत नाही. प्रत्येक रसायनाची मर्यादा स्वतंत्र ठरते. ओढ्यात मात्र ती सगळी एकत्र उतरतात.

आपली कसोटी: ९६ तास, ९० टक्के

भारतात पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानके आहेत. त्यांत जैविक कसोटी एका ओळीची आहे: १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांच्या संमतिपत्रांतही ही अट आढळते. भारतीय मानक संस्थेच्या पद्धतीत झेब्राफिश हा चाचणीचा मासा आहे.

एका बाबतीत ही अट कडक आहे: सांडपाणी पातळ न करता मासे त्यात ठेवायचे. पण संख्याशास्त्राने तपासली तर ती ढिली निघते. समजा दहा मासे घेतले आणि एक मेला तरी चालतो. सांडपाण्याने प्रत्यक्षात २० टक्के मासे मरत असतील, तरी दहापैकी जास्तीत जास्त एकच मरण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के. ३० टक्के मरत असतील तरी उत्तीर्ण व्हायची शक्यता १५ टक्के. मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट विषारी पाणी नशिबाच्या जोरावर सुटू शकते. माशांची संख्या वाढवली तर ही फट बुजते. खर्च थोडा वाढतो, एवढेच.

खरी मेख निराळी आहे. वर आलेले तीन तलाव या कसोटीला लावून पाहू. लेक २६० मध्ये संप्रेरकाने प्रौढ मासे चार दिवसांत मरत नव्हते: उत्तीर्ण. बेल्यूज लेकच्या १० मायक्रोग्रॅम सेलेनियमने चार दिवसांत मासे मरत नाहीत: उत्तीर्ण. लेक २२३ मध्ये अन्नसाखळी तुटली तेव्हा पीएच ५.८ होता आणि आपल्या मानकांत ५.५ ते ९.० चालतो: तोही उत्तीर्ण. एका तलावात माशांची जात जवळपास संपली, दुसऱ्यात २० पैकी १६ जाती गेल्या, तिसऱ्यात ट्राउट उपाशी राहिले, आणि तिन्ही पाण्यांना माशांच्या कसोटीने पास केले असते. बेल्यूज लेकला राखेचे जे पाणी येत होते, त्यात लिटरमागे शंभराहून अधिक मायक्रोग्रॅम सेलेनियम होते आणि आपली सांडपाण्याची मर्यादा ५० आहे, म्हणून ते रासायनिक मानकात अडकले असते, हे खरे. मासे मात्र गप्पच बसले असते.

तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम आहे. शेलर रनमध्ये १२० ला मासे मेले आणि पळाले. मानक पाळणारे सांडपाणी त्या पातळीवर यायलाही नदीत २५ पट पाणी हवे. पावसाळ्यात ते असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कित्येक नद्यांच्या पात्रांत धरणातून सोडलेले आवर्तन नसेल तर वाहते ते मुख्यतः सांडपाणीच. तेव्हा पातळ व्हायचे कशात? पाणीही तेव्हा ३० अंशांच्या वर असते, त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि डॅफ्नियाची चाचणी तर १८ ते २२ अंशांची असते.

चार प्रश्न आणि एक मागणी

तेव्हा ‘हे पाणी सुरक्षित आहे’ असा आकडा समोर आला की त्याला चार प्रश्न विचारावेत. कोणता जीव तपासला, आणि हे रसायन ज्याला लागू पडते त्याच्याशी त्याचे नाते काय? किती दिवस तपासले आणि मृत्यूशिवाय काय मोजले? विष पाण्यातून दिले की अन्नातून? आणि चाचणीचे पाणी आपल्या नदीच्या पाण्यासारखे होते का? ही उत्तरे जुळत असतील तर प्रयोगशाळेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. इथिनाइल इस्ट्रॅडिओल आणि क्लोरपायरिफॉस यांनी ते दाखवले आहे. जुळत नसतील तर भाजक मोठा करून भागत नाही; चाचणीच बदलावी लागते.

आणि चाचणी कितीही चांगली असली तरी ते भाकीतच. भाकिताचा ताळा नदीत करायचा असतो. त्याची पद्धत आपल्याकडे नाही असेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या तळातल्या किड्या-गोगलगायींच्या कुळांवरून पाण्याला अ ते ई अशी प्रत देणारे जैविक निकष बनवले आहेत. त्यासाठी लागते जाळे, ट्रे, भिंग आणि किडे ओळखू शकणारा माणूस. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, पावसाळ्याआधी आणि नंतर अशी ही मोजणी संमतिपत्राचीच अट केली, तर प्रयोगशाळेच्या दाखल्याशेजारी नदीचा दाखलाही फाइलला लागेल. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर कोणता खरा मानायचा, हे बेल्यूज लेकने १९८७ मध्येच ठरवून दिले आहे: तिथे मर्यादा बदलली, मासे नाही.